जर्मनीत नवे आहात? देशादेशांचे फुटबॉल सामने कुठे बघायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी जर्मनीत आलेल्या मराठी मंडळींकडून हे प्रश्न सतत येत असतात. विश्वचषक किंवा युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, जवळ आली की त्यांचा ओघ वाढतो. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. इथे मुख्यतः देशांच्या संघांचे सामने घेतले आहेत, बुंडेसलीगा किंवा चॅम्पियन्स लीग या क्लबांच्या स्पर्धांचा उल्लेख गरजेपुरताच आहे.

१. क्लबची मॅच बघायला पैसे पडतात, मग जर्मनीच्या संघाची फुकट कशी दिसते?

कायद्यामुळे. जर्मनीतल्या राज्यांनी मिळून केलेल्या माध्यमविषयक करारात काही सामन्यांची यादी दिलेली आहे. हे सामने सगळ्यांना दिसणाऱ्या वाहिनीवर दाखवावेच लागतात. विश्वचषक आणि युरोमधला जर्मनीचा प्रत्येक सामना, सलामीचा सामना, दोन्ही उपांत्य सामने आणि अंतिम सामना या यादीत आहेत. जर्मन संघाचे घरच्या आणि बाहेरच्या मैदानावरचे सामने, जर्मन चषकाचे उपांत्य व अंतिम सामनेही त्यात येतात. युरोपियन क्लब स्पर्धेच्या अंतिम फेरीत जर्मन क्लब पोचला, तर तो सामनासुद्धा. बाकी क्लब फुटबॉल मात्र बहुतांशी स्काय, डाझोनसारख्या पैसे भरायच्या सेवांवर असतो.

म्हणून नव्याने आलेल्यांना माझं पहिलं सांगणं असतं की आल्या आल्या कुठलंही सबस्क्रिप्शन घेऊ नका. एक स्पर्धा जाऊ द्या, आपल्याला नेमकं काय बघायचंय ते कळेल.

२. फुकटच्या वाहिन्या कोणत्या? सगळे सामने दिसतात का?

एआरडी आणि झेडडीएफ या दोन सार्वजनिक वाहिन्या. दोघींचे सामने त्यांच्या मेडिएटेक ॲपवर, जर्मनीत असाल तर, थेट बघता येतात. तिसरी आरटीएल. ती खासगी वाहिनी असून जर्मनीचे पात्रता फेरीचे आणि नेशन्स लीगचे काही सामने तिच्याकडे असतात. मोबाइलवर आरटीएल बघायचं तर तिची सशुल्क सेवा घ्यावी लागते.

सगळे सामने मात्र दिसत नाहीत. २०२४ च्या युरोतले ५१ पैकी ३४ सामने एआरडी-झेडडीएफवर आणि १२ आरटीएलवर होते. उरलेले ५ फक्त टेलिकॉम कंपनीच्या मॅजेंटा टीव्हीवर. २०२६ च्या विश्वचषकात १०४ पैकी ६० सामने एआरडी-झेडडीएफकडे आणि सर्वच्या सर्व मॅजेंटाकडे अशी वाटणी आहे. म्हणजे ४४ सामन्यांसाठी मॅजेंटा हवं, नाहीतर ते घेतलेला एखादा बार गाठायला हवा. बार कसा शोधायचा ते प्रश्न ६ मध्ये आहे.

घर भाड्याने घेताना आणखी एक गोष्ट विचारा. जुलै २०२४ पासून घरमालकाला केबल टीव्हीचा खर्च भाड्यासोबतच्या इतर खर्चांत सक्तीने लावता येत नाही. त्यामुळे भिंतीत केबलचं सॉकेट दिसलं म्हणजे त्यात वाहिन्या येतीलच असं धरून चालू नका. एआरडी-झेडडीएफपुरतं काम साध्या अँटेनानेही भागतं.

३. माझ्याकडे टीव्हीच नाही, तरी दरमहा १८.३६ युरो भरा असं पत्र आलंय. खरं आहे का?

खरं आहे, भरावं लागतं. याला रुंडफुंकबायट्राग, म्हणजे एआरडी-झेडडीएफसारख्या सार्वजनिक वाहिन्यांसाठीचा आकार, म्हणतात. तो टीव्हीवर नसून घरावर असतो. एका घरात कितीही माणसं राहोत, एकदाच द्यायचा. चारजण मिळून राहत असाल तर एकाने भरायचा आणि बाकीच्यांनी आपलं पत्र आल्यावर त्याचा बायट्राग क्रमांक कळवायचा. सरकारी शिक्षणसाहाय्य, म्हणजे बाफ्योग, घेणाऱ्या आणि घरापासून वेगळं राहणाऱ्या विद्यार्थ्यांना अर्ज केल्यावर सूट मिळते. आपल्याकडून गेलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांना ते साहाय्य नसतं, त्यामुळे सूटही नसते. पत्र बाजूला टाकून देऊ नका, थकबाकी साचत जाते. आणि भरताच आहात तर मेडिएटेक पुरेपूर वापरा.

४. भारतातलं ॲप इथे चालेल का? आणि इथलं सबस्क्रिप्शन सुट्टीत इटलीला गेल्यावर?

प्रक्षेपणाचे हक्क देशवार विकले जातात, त्यामुळे भारतातल्या सेवेवर जर्मनीतून थेट सामना बहुधा उघडत नाही. उलट बाजूला एक सोय आहे. जर्मनीत पैसे भरून घेतलेली सेवा युरोपियन युनियनच्या दुसऱ्या देशात तात्पुरतं गेल्यावरही चालली पाहिजे, असा नियम एप्रिल २०१८ पासून लागू आहे. इटली, फ्रान्स, ऑस्ट्रियात चालेल. स्वित्झर्लंड आणि ब्रिटन या नियमात येत नाहीत. फुकटच्या मेडिएटेकलाही तो आपोआप लागू होत नाही. दिवाळीत घरी पुण्याला गेलात तर तिथलीच सोय बघा.

५. पहिल्यांदाच बाहेर मॅच बघायला जातोय. कशा प्रकारच्या जागा असतात?

क्नायपे म्हणजे गल्लीतला जुना, लहान बार. टीव्ही एक किंवा दोन, गिऱ्हाईक रोजचं, वातावरण घरगुती. जर्मनीचा सामना इथे बघण्यासारखं सुख नाही. पण आत शिरल्यावर मिळेल त्या टेबलावर बसू नका. एखाद्या टेबलावर श्टामटिश अशी पाटी असते, ते ठरलेल्या मंडळींचं टेबल असतं. विचारून बसा. बहुतेक वेळा तेच शेजारची खुर्ची ओढून देतात.

स्पोर्ट्‌सबारमध्ये पडदे अनेक, त्यामुळे एकाच वेळी दोन सामने असले तरी अडत नाही. आयरिश पब जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात असतो. तिथे इंग्रजीत काम भागतं आणि इंग्लंड, आयर्लंड, स्कॉटलंडचे सामने हमखास लागतात. जर्मन अजून येत नसेल तर सुरुवात इथून करायला हरकत नाही, फक्त तिथेच अडकून राहू नका.

उन्हाळ्यातल्या स्पर्धांना बीअरगार्टन उघडतात आणि झाडांखाली मोठा पडदा लागतो. बर्लिनमध्ये श्पेटी नावाची उशिरापर्यंत उघडी असणारी दुकानं आहेत. स्पर्धेच्या दिवसांत दुकानदार टीव्ही बाहेर काढतो, फुटपाथवर बाकं टाकतो आणि रस्त्यावरून जाणारी माणसं थांबत थांबत गर्दी होते. गणपतीच्या मांडवासमोर उभं राहून पडद्यावर क्रिकेट बघितलेल्या माणसाला तिथे परकं वाटणार नाही.

आणि मग पब्लिक व्ह्यूइंग, म्हणजे चौकात किंवा मैदानात लावलेला भला मोठा पडदा. २००६ च्या विश्वचषकाने ही पद्धत जर्मनीत रुजवली. बर्लिनमध्ये ब्रांडेनबुर्ग दरवाजासमोरचा रस्ता माणसांनी भरून गेला होता आणि फ्रँकफर्टमध्ये माइन नदीच्या पात्रातच पडदा उभारला होता. २०१४ मध्ये युनियन बर्लिन क्लबने आपल्या चाहत्यांना घरचे सोफे स्टेडियममध्ये आणायला सांगितले. लोकांनी शेकडो सोफे हिरवळीवर मांडून विश्वचषक पाहिला.

६. जवळची जागा शोधायची कशी? फोनवर काय विचारायचं?

शोधताना शहराच्या नावासोबत ‘फुसबाल लाइव्ह’ किंवा ‘पब्लिक व्ह्यूइंग’ हे शब्द घाला. नकाशावर ‘स्पोर्ट्‌सबार’ टाकलं तरी चालतं. रस्त्यातून चालताना दारावरच्या खडूच्या पाट्या वाचायची सवय लावून घ्या, लहान जागांची जाहिरात तेवढीच असते. सशुल्क वाहिनी घेतलेले बार तिचं चिन्ह खिडकीत लावतात.

तरीही आधी फोन करा. तीन वाक्यं पुरतात. ‘त्सायगेन झी हॉइट दास श्पील?’ म्हणजे आज सामना दाखवताय का. ‘मिट टोन?’ म्हणजे आवाजासकट का. हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण कित्येक ठिकाणी चित्र चालू असतं आणि वर गाणी लावलेली असतात. तिसरं, ‘कान इश आइनेन टिश रेझरव्हीअरेन?’ म्हणजे टेबल राखून ठेवता येईल का. जर्मनीचा बाद फेरीचा सामना असेल तर टेबल काही दिवस आधी सांगा. न सांगता जायचं असेल तर तासभर आधी पोचा.

गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी होतात. त्या दिवशी बार कधी कधी दोन्ही सामन्यांतली दृश्यं आलटून पालटून दाखवतो, त्याला ‘कोन्फेरेन्त्स’ म्हणतात. तुम्हाला एकच सामना सलग बघायचा असेल तर तेही फोनवरच विचारून घ्या.

जवळ रोख पैसे ठेवा. ‘नूर बारगेल्ड’, म्हणजे फक्त रोख, ही पाटी अजूनही दिसते. काही ठिकाणी सामन्याच्या दिवशी किमान काही रकमेचं खाणं-पिणं घ्यावं लागतं, त्याला ‘मिंडेस्टफेरत्सेअर’ म्हणतात.

७. मोठ्या शहरांत पडदे नेमके कुठे लागतात?

२०२४ च्या युरोच्या वेळची ठिकाणं अंदाजासाठी उपयोगी पडतील: बर्लिनला ब्रांडेनबुर्ग दरवाजा आणि राइशटाग, म्युनिकला ऑलिंपिक पार्क, हॅम्बुर्गला हायलिगेनगाइस्टफेल्ड, फ्रँकफर्टला माइनचा काठ, स्टुटगार्टला श्लॉसप्लात्स. प्रवेश मोफत होता. स्पर्धा जर्मनीत नसते तेव्हा एवढा थाट नसतो. काही शहरं मोठा पडदा लावतच नाहीत, काही ठिकाणी खासगी आयोजक तिकीट लावतात. स्पर्धेच्या महिनाभर आधी नगरपालिकेचं संकेतस्थळ बघा. आत जाताना बॅगा तपासतात. काचेच्या बाटल्या आणि मोठ्या सॅक नेऊ नका.

८. मी कोल्हापूरचा, अर्जेंटिनावाला. जर्मन लोकांत बसून दुसऱ्या संघासाठी ओरडलं तर चालतं का?

चालतं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा बघत वाढलेल्या माणसाला विरोधी गटात बसायची सवय असतेच. अर्जेंटिनाचा शर्ट घालून गेलात तर चार माणसं विचारतील की भारतातून आलास आणि अर्जेंटिना कसं काय. पेठापेठांत लागणारे ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे, कटआउट यांचे फोटो दाखवा. तासभर गप्पा चालतील. सामना जर्मनीविरुद्ध असेल तेवढा स्पोर्ट्‌सबार निवडा. छोट्या क्नायपेत सगळेच एका बाजूचे असतात.

ज्या त्या देशाच्या माणसांत जाऊन सामना बघणं ही जर्मनीतली फार मोठी चैन आहे, ती सोडू नका. हॅम्बुर्गला बंदराजवळ पोर्तुगीजनफिअर्टेल नावाची वस्ती आहे. पोर्तुगीज खानावळी, कॅफे, आणि पोर्तुगालचा सामना असला की टीव्ही बाहेर. गोव्याहून आलेल्या आणि पोर्तुगालला मानणाऱ्या मंडळींनी एकदा तरी जावं. तुर्कस्तानचा सामना बर्लिनच्या क्रॉइत्सबेर्गमध्ये बघा. जिंकल्यावर गाड्यांचे ताफे हॉर्न वाजवत, झेंडे फडकवत निघतात, त्याला ऑटोकोर्सो म्हणतात. इटलीसाठी गल्लीतलं इटालियन आइस्क्रीमचं दुकान किंवा पिझ्झेरिया बघा. क्रोएशियाच्या लोकांची मोठी वस्ती स्टुटगार्ट आणि फ्रँकफर्टकडे आहे.

९. मी दारू घेत नाही आणि शाकाहारी आहे. अवघडल्यासारखं होईल का?

नाही. अप्फेलशोर्ले म्हणजे सोड्यातला सफरचंदाचा रस, श्पेत्सी म्हणजे कोला आणि संत्र्याचं मिश्रण. दोन्ही सगळीकडे मिळतात, बिनदारूची बीअरही मिळते. किमान एक बिनदारूचं पेय सर्वांत स्वस्त दारूच्या पेयापेक्षा महाग नसावं, असं जर्मनीचा उपाहारगृहांचा कायदाच सांगतो. कोणी आग्रह करत नाही.

खाण्याचं म्हणाल तर बव्हेरियातल्या बीअरगार्टनची प्रथा आपल्यासाठीच असावी अशी आहे. जिथे स्वतः जाऊन पेय आणायचं असतं, त्या भागात घरचं खाणं नेता येतं. फक्त पेय तिथलंच घ्यायचं. राज्याच्या १९९९ च्या नियमावलीत बीअरगार्टनची ओळख सांगताना ही प्रथा नोंदवलेली आहे. डबा उघडून पोळी-भाजी, थालीपीठ खुशाल खा. शेजारचे त्यांचा मुळा आणि चीज घेऊन बसलेले असतात. टेबलक्लॉथ घातलेल्या, वेटर येणाऱ्या भागात मात्र डबा काढू नका. ग्लासावर फांड म्हणजे अनामत घेतात, ग्लास परत करून ती घ्यायला विसरू नका.

१०. मुलांना घेऊन जाता येतं का?

आईवडील सोबत असतील तर येतं. सोळा वर्षांखालच्या मुलांना एकट्याने पहाटे ५ ते रात्री ११ या वेळात खाण्यापिण्यापुरतं बसता येतं. सोळा-सतरा वर्षांच्यांना मध्यरात्रीपर्यंत. लहान मुलांसाठी बीअरगार्टन सर्वांत चांगलं, बऱ्याच ठिकाणी खेळायची जागा असते.

अडचण धुराची आहे. बव्हेरिया आणि नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनमध्ये बारमध्ये धूम्रपानाला पूर्ण बंदी आहे. बर्लिनमध्ये मात्र काही छोट्या बारना परवानगी आहे आणि तिथे अठरा वर्षांखालच्यांना आत घेत नाहीत. दारावर ‘राउखरक्नायपे’ लिहिलेलं असेल तर पुढे चला.

११. मी एकटी मुलगी. मॅच बघायला एकटीने जावं का?

जावं. अनेकजणी जातात. पहिल्यांदा जाताना पडद्याच्या नव्हे, काउंटरच्या जवळची जागा घ्या आणि बारमधल्या माणसाशी दोन शब्द बोलून ठेवा. कोणी त्रास देऊ लागलं तर अनेक शहरांतल्या बारमध्ये ‘इस्ट लुइझा हिअर?’, म्हणजे लुइझा इथे आहे का, एवढं विचारायचं. कर्मचारी जास्त काही न विचारता तुम्हाला सुरक्षित जागी नेतात, टॅक्सी बोलावतात. ही मोहीम २०१६ मध्ये म्युन्स्टर शहरात सुरू झाली. मोहिमेतल्या जागांच्या स्वच्छतागृहात तिचं पोस्टर असतं. पोलिसांचा क्रमांक ११०.

वंशद्वेषी शेरेबाजीबद्दलही विचारणा होते. ती होते, हे लपवण्यात अर्थ नाही. दारू चढलेल्या टोळक्याशी वाद घालू नका. बारच्या मालकाला सांगा. त्याने दुर्लक्ष केलं तर ती जागा कायमची सोडा.

१२. इथे सामने किती वाजता असतात? रात्री बाहेरचे पडदे बंद करतात असं ऐकलंय.

युरोपातले देशांचे सामने बहुधा रात्री पावणेनऊला सुरू होतात. भारतात आपण त्यासाठी उन्हाळ्यात सव्वाबारापर्यंत आणि हिवाळ्यात सव्वाएकपर्यंत जागायचो. वेळेतला फरक उन्हाळ्यात साडेतीन तासांचा आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा असतो. अमेरिका खंडात स्पर्धा असली की इथेही जागरण आलंच. २०२६ च्या विश्वचषकाचे कित्येक सामने जर्मन वेळेनुसार मध्यरात्रीनंतरचे आहेत, अंतिम सामना मात्र रात्री नऊचा.

रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असते, ती रूएत्साइट. एरवी बाहेरचा आवाज दहाला बंद करावा लागतो. उन्हाळ्यातल्या मोठ्या स्पर्धांसाठी केंद्र सरकार खास सवलतीचा नियम काढतं, २०२४ मध्येही काढला होता. पण परवानगी शेवटी स्थानिक प्रशासन देतं. म्हणून एखाद्या बीअरगार्टनमध्ये नऊचा सामना बाहेर दिसतो आणि मध्यरात्रीचा आतल्या खोलीत. जादा वेळ आणि पेनल्टी धरून परतीची शेवटची गाडी आधीच बघून ठेवा. आठवड्याच्या मधल्या दिवशी बऱ्याच शहरांत मेट्रो रात्री थांबते आणि रात्रीच्या बस सुरू होतात.

१३. घरीच मित्रांना बोलावलं तर?

बोलवा, पण प्रश्न १२ मधली शांततेची वेळ घरालाही लागू आहे आणि तिला स्पर्धेची सवलत नाही. दोन दिवस आधी जिन्यात एक चिठ्ठी लावा: अमुक दिवशी सामना आहे, थोडा आवाज होईल, त्रास झाला तर दार वाजवा, किंवा या बघायला. चिठ्ठी वाचून शेजारी खरोखर येतात. रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे सामान शनिवारीच भरा.

१४. शेजारी गोल झाल्याचा आरडाओरडा आधी ऐकू येतो. माझंच इंटरनेट खराब आहे का?

नाही. डिश अँटेनावरून येणारं चित्र सर्वांत लवकर पोचतं. इंटरनेटवरून येणारं त्यामागून, कधी कधी अर्ध्या मिनिटापेक्षाही उशिरा. घरी असाल तर खिडकी लावून घ्या आणि फोनवरच्या सूचना बंद ठेवा. बार निवडताना शक्यतो डिश असलेला निवडा.

१५. मी छोट्या गावात राहतो. इथे स्पोर्ट्‌सबारही नाही, पबही नाही.

मग तुमची सोय शहरवाल्यांपेक्षा चांगली होऊ शकते. जर्मनीत सुमारे २४ हजार फुटबॉल क्लब आहेत, त्यामुळे अगदी लहान गावालाही बहुधा स्वतःचा क्लब असतो. मैदानाच्या कडेला त्याची एक इमारत असते, तिला फेराइन्सहाइम म्हणतात. मोठ्या स्पर्धेत तिथे पडदा लागतो, बाहेर शेगडीवर काहीतरी भाजत असतं आणि पेयं शहरापेक्षा स्वस्त असतात. काही गावांत अग्निशमन स्वयंसेवकांच्या हॉलमध्येही सामना दाखवतात.

सभासद नसलात तरी बहुतेक ठिकाणी येऊ देतात. रविवारी गावाच्या संघाचा सामना असेल तेव्हा मैदानावर जा, कडेला उभे राहा, कॉफी घ्या, कोणाशी तरी बोला. पुढच्या आंतरराष्ट्रीय सामन्याचं आमंत्रण तिथेच मिळतं. स्वतः खेळत असाल तर ‘आल्टे हेरेन’, म्हणजे साधारण बत्तीसच्या पुढच्यांचा संघ आहे का विचारा. मुलांना क्लबात घाला, वर्गणी परवडणारी असते. जर्मन भाषेच्या वर्गात वर्षभर बसून जेवढ्या ओळखी होत नाहीत, तेवढ्या इथे एका हंगामात होतात.

१६. बार तोच, गेल्या स्पर्धेत सगळे सामने दाखवले. यंदाही दाखवेल ना?

गृहीत धरू नका. प्रक्षेपणाचे हक्क बदलले की मालक नवी वाहिनी घेईलच असं नाही, बारसाठीचं सबस्क्रिप्शन घरच्यापेक्षा खूप महाग असतं. कधी कारण वेगळंच असतं. २०२२ च्या कतार विश्वचषकावर जर्मनीतल्या अनेक बारनी बहिष्कार टाकला आणि त्या रात्री बोर्ड गेम, वाचन, स्थानिक फुटबॉलवरच्या गप्पा ठेवल्या. फोन करायचा तो यासाठीच, वाक्यं प्रश्न ६ मध्ये आहेत.

१७. महिलांच्या संघांचे सामनेही बाहेर दाखवतात का?

मोठ्या स्पर्धांत हो. २०२२ च्या युरोच्या अंतिम सामन्यात जर्मनी इंग्लंडकडून जादा वेळेत हरली, तेव्हापासून बघणारे खूप वाढले. युरो २०२५ चे सामने एआरडी-झेडडीएफवर होते. लहान बारमध्ये मात्र तुम्ही विचारल्याशिवाय लावतीलच असं नाही. विचारा. चारजणांनी विचारलं की पुढच्या वेळी पाटी लागते.

१८. मराठी मंडळातर्फे हॉल घेऊन अंतिम सामना दाखवायचा आहे. काही परवानगी लागते का?

घरगुती मेळावा आणि सार्वजनिक प्रक्षेपण यांत फरक आहे. तिकीट लावलं किंवा प्रायोजक घेतला की तो व्यावसायिक कार्यक्रम ठरतो आणि स्पर्धेच्या आयोजकांचा, म्हणजे फिफा किंवा युएफाचा, परवाना लागतो. संगीताच्या हक्कांसाठी गेमा या संस्थेचं शुल्क वेगळं. कोणाचं तरी घरगुती सबस्क्रिप्शन हॉलमध्ये लावणं करारभंग होतो, एआरडी-झेडडीएफवरचा सामना निवडलात तर तो प्रश्न येत नाही. हॉलच्या मालकाला आवाजाची वेळ विचारून घ्या. एवढं झेपणार नसेल तर सरळ बीअरगार्टनमध्ये तीस जणांची टेबलं राखून ठेवा, डबे न्या. आमच्या मते तेच जास्त रंगतं.

१९. भारताचा सामना कुठे बघायला मिळेल?

बारमध्ये जवळपास कुठेच नाही. सामना भारतात संध्याकाळी सातला असेल तर इथे उन्हाळ्यात दुपारचे साडेतीन आणि हिवाळ्यात अडीच वाजलेले असतात, बहुतेकजण कामावर. तरी काही रस्ते आहेत. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि आशियाई महासंघ यांच्या अधिकृत खात्यांवर त्या सामन्याचं प्रक्षेपण जर्मनीत कुठे आहे ते आदल्या दिवशी बघा. अधिकृत दुवा मिळाला तर विद्यापीठातल्या भारतीय विद्यार्थी संघटनेला विचारा, केरळ, बंगाल, गोवा, ईशान्येकडची मुलं आधीच जमलेली असतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावला सिंगापूरकडून २-१ ने हरून पुरुषांच्या संघाची २०२७ च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली. महिलांनी मात्र जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवून ऑस्ट्रेलियातल्या २०२६ च्या आशियाई चषकात जागा मिळवली. ऑस्ट्रेलियात दिवसा झालेला सामना इथे पहाटे किंवा सकाळी दिसतो आणि त्या वेळी कुठलाही बार उघडा नसतो, त्यामुळे अशा सामन्यांना ज्याचं घर मोठं त्याच्याकडे जमा आणि कांदेपोह्यांचं सामान आदल्या दिवशी पोचवा.